घरी कोणी आहे का?

आमच्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. गिरड हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. या टेकडीवर गोलसर, फळासारखे दिसणारे दगड सापडतात. त्यांची लोककथा अशी की, दोन फिरते व्यापारी नारळ वगैरे माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली आणि बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. पुढे त्यांनी माफी मागितली, तेव्हा वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही ही कथा आली आहे. भूगर्भशास्त्राची मंडळी मात्र या दगडांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात. मी शाळेत दोन्ही सांगायचो. पोरांना कोणती गोष्ट जास्त आवडायची, ते तुम्ही ओळखलंच असेल.

माल आपलाच, कुठे ठेवलाय तेही ठाऊक, आणि तरी ऐनवेळी त्याचा दगड होतो... हा अनुभव मला २०१२ च्या पावसाळ्यात आला. नागपूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात.

झालं असं. हिला ताप चढला म्हणून घाईघाईने नागपूरला नेलं. रात्री डॉक्टरांनी विचारलं, "यांना आधी कोणत्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती का?" आली होती! चार वर्षांपूर्वी अंगभर गांधी उठून श्वास लागला होता. पण इंजेक्शनचं नाव? ते ना हिला आठवे, ना मला. डॉक्टर म्हणाले, नाव कळलं तर बरं होईल, ते औषध सोडून बाकीचं बिनधास्त देता येईल.

नाव होतं की! दवाखान्याचा तो जुना कागद वाळवीने अर्धा खाल्ला होता. म्हणून २००९ साली निवृत्तीच्या पैशातून संगणक घेतला तेव्हा उरलेले सगळे कागद मी स्वतः बसून स्कॅन केले होते. शिवाय मुलाने घरच्या संगणकावर एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. "बाबा, आता जगात कुठेही असा, घरचा संगणक समोर उघडेल," असं तो म्हणाला होता. मी भाच्याचा लॅपटॉप मागवला, वहीतला नंबर टाकला. उत्तर आलं, तो संगणक जोडलेला नाही.

जोडलेला असणार कसा? विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायची माझीच शिस्त. निघताना मीच तो काढून आलो होतो. सगळी माहिती गिरडला सुखरूप होती आणि तिचा दगड झाला होता.

त्या रात्रीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. घाबरू नका, ही आत्ता आत पोहे करते आहे. पण त्या रात्रीपासून एक विचार डोक्यात बसला तो आजतागायत. आपण घराबाहेर असताना आपले कागद आपल्याला कसे मिळावेत, हा प्रश्न काही संगणकाने आणलेला नाही. माणूस घर सोडून निघाला तेव्हापासूनचा तो आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे सवयीने मागे जाऊन बघितलं. तेव्हा दिसलं की माणसाने यावर तीनच वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे सगळं बरोबर घेऊन निघायचं. याचं उदाहरण आमच्या शेजारीच, हिंगणघाटला आहे. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचं काम सुरू केलं. त्यांचं कोन मोजायचं मोठं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. ते यंत्र, आकड्यांच्या वह्या, माणसं, तंबू असं सगळं ऑफिस घेऊन हा गृहस्थ वीस वर्षं दक्षिण हिंदुस्थान तुडवत होता. हैदराबादहून नागपूरकडे निघाला असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. कबर तिथेच आहे. पुढे याच मोजणी खात्यात आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या पदालाच 'कॉम्प्युटर' म्हणत. बंगालचे राधानाथ सिकदार १८३१ साली याच पदावर लागले आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या उंचीचं गणित त्यांनीच केलं. म्हणजे एके काळी कॉम्प्युटर पगार घेत होता आणि धोतर नेसत होता!

बरोबर नेण्याचा फायदा असा की, कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. तोटा असा की, जे बरोबर आहे ते हरवतं, बुडतं, फुटतं. आपला पेनड्राइव्ह म्हणजे लॅम्ब्टनच्या बैलगाड्यांचा पणतू. माझे तीन हरवले. एक धोब्याकडून धुऊन, इस्त्री होऊन परत आला.

दुसरी वाट म्हणजे कागद घरीच ठेवायचे आणि घरी एक जागा माणूस ठेवायचा. याचंही उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. गांधीजी १९३६ साली वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई काही काळ वर्ध्याला मगनवाडीतच राहत. टपाल, लेखन, येणारे-जाणारे, सगळा पसारा इकडे आणि गांधीजी तिकडे! महादेवभाई रोज पायी सेगावला जात आणि परत येत. जाऊन-येऊन अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. वर्ध्याचं ऊन ज्यांनी मे महिन्यात अंगावर घेतलंय त्यांनाच या अकरा मैलांचा अर्थ कळेल. १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये प्राण जाईपर्यंत या माणसाने गांधीजींची स्मरणवही सांभाळली. आज आपण ज्याला 'सर्व्हर' म्हणतो, त्याचा मराठीत अर्थ सेवकच ना?

आणखी एक गंमत बघा. सेगाव आणि बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव या नावांत घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई. त्यामुळे १९४० साली सेगावचं नाव सेवाग्राम झालं. म्हणजे घरी माणूस जागा असून भागत नाही, पत्ताही जगात एकच असावा लागतो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला वेगळा आकडी पत्ता देतात तो याचसाठी. पुढे व्हाईसरॉय लिनलिथगोंच्या इच्छेवरून आश्रमात टेलिफोनही आला. तो आजही तिथे पाहायला मिळतो.

सेगावचं सेवाग्राम झालं त्याच १९४० साली, ११ सप्टेंबरला, अमेरिकेत एक प्रयोग झाला. बेल प्रयोगशाळेतल्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी बनवलेलं गणिती यंत्र न्यूयॉर्कमध्ये होतं आणि गणितज्ञांची परिषद सुमारे अडीचशे मैल दूर डार्टमथ कॉलेजात भरली होती. अवजड यंत्र न्यायचं कसं? स्टिबिट्झनी ते नेलंच नाही. परिषदेत एक टेलिटाइप, म्हणजे तारेने जोडलेला टंकयंत्रासारखा डबा, ठेवला. त्यावर गणित टंकलं की तारेवरून ते न्यूयॉर्कला जाई आणि उत्तर तारेवरून परत येऊन कागदावर उमटे. दूर बसून आपलं यंत्र वापरण्याची ही पहिली जाहीर घटना मानतात. लॅम्ब्टनची वाट सोडून माणूस महादेवभाईंच्या वाटेला लागला, फक्त आता घरी जागं राहायला माणसाऐवजी यंत्र आलं.

पण यंत्राला माणूस ओळखता येत नाही. महादेवभाई दारातला चेहरा बघून ठरवू शकत की कोणाला काय सांगायचं. यंत्र काय ठरवणार? १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोठ्या संगणकावर एकाच वेळी अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था दाखवली. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द दिला. तोच आपला पासवर्ड. आणि लगेच पुढच्याच वर्षी तिथल्या अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली! तिजोरी आली आणि पाठोपाठ चोरही आला. कुलपाचा इतिहास कोणत्याही काळात वेगळा नसतो.

मग आलं १९६९. त्या साली २९ ऑक्टोबरच्या रात्री, आजच्या इंटरनेटची आई म्हणावी अशा अर्पानेट जाळ्यावरून पहिला संदेश गेला. तो संदेश काय होता? कोणी शुभेच्छा पाठवल्या नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी शेकडो मैलांवरच्या, स्टॅनफर्डजवळच्या संगणकात शिरायचा प्रयत्न करत होता. त्याला 'लॉगिन' हा शब्द टंकायचा होता. म्हणजे इंटरनेटचा जन्मच मुळी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी झाला. दोन्हीकडची माणसं टेलिफोनवर बोलत होती. एल टंकला... आला का? आला. ओ टंकला... आला का? आला. आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचा संगणक बसला! तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जमलं. हा टेलिफोन लक्षात ठेवा, वाचकहो. शेवटी लागणार आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. गिरडला पोचायला बराच काळ जायचा होता. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीत दूरचा संगणक स्वतःच्या पडद्यावर उघडायची सोय होती. २००५ साली जर्मनीतून टीमव्ह्यूअर आलं. त्याने घरगुती माणसाचं काम सोपं केलं. घरचा संगणक आणि हातातला लॅपटॉप, दोघेही मध्यस्थ कंपनीच्या संगणकाला हाक मारतात, आणि तो दोघांची गाठ घालून देतो. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं. पण मुलगाच झोपला असेल तर मध्यस्थ बिचारा काय करणार? बंद संगणकाला जगातला कोणताही प्रोग्रॅम साध्या हाकेने उठवू शकत नाही. माझं नेमकं तेच झालं होतं.

तिसरी वाट म्हणजे कागद तिसऱ्याकडेच ठेवायचे. हल्ली याला 'क्लाउड' म्हणतात. ढग! ढगबिग काही नाही हो, दुसऱ्याच्या मालकीचा, चोवीस तास चालू असलेला संगणक. आणि ही वाटही आपल्याला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला कधी गेला असाल तर आठवा. तिथले तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि आपल्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात. माझ्या वडिलांनी कधी काळी केलेली सही मला तिथे दिसली. घरी त्यांच्या हातचा एकही कागद उरलेला नव्हता. घर जळलं, पूर आला, वाटण्या झाल्या, तरी वही शाबूत. परवलीचा शब्द म्हणजे गाव आणि आडनाव!

संगणकाच्या जगात ही वाट रुंद केली ती हॉटमेलने. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघा मित्रांना नोकरीच्या जागेवरून स्वतःची खासगी ई-मेल उघडता येत नसे. त्यातून कल्पना निघाली की टपाल एका संगणकाला बांधून ठेवायचंच कशाला, कोणत्याही संगणकावरून का उघडू नये? ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू झालं. ड्रॉपबॉक्सची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. ड्रू ह्यूस्टन हा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेनड्राइव्ह घरी विसरला. त्या चिडचिडीतून २००७ साली ही कंपनी जन्मली. मीही प्लग काढून आलो आणि चिडलो, पण माझ्या हातून काही जन्मलं नाही. असो.

सरकारनेही हीच वाट धरली. २०१५ साली डिजिलॉकर आलं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघायला लागला. तलाठ्याच्या दप्तरापुढे उन्हात उभे राहिलेले शेतकरी मी लहानपणापासून बघितले आहेत. त्यामुळे या सोयीची कोणी थट्टा केलेली मला चालत नाही. गिरडचं शेत आणि पुण्याची नोकरी अशी ओढाताण असलेल्या पोरांना या एका कागदाचं मोल विचारा.

आता त्या रात्रीकडे येतो.

मी व्हरांड्यातून फोन लावला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला. गावात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्या वर्गात शुद्धलेखनाचा त्याने छळ मांडला होता; ऱ्हस्व-दीर्घ त्याला कधी जमलंच नाही. भर पावसात तो माझ्या घरी पोचला. आता किल्ली? किल्ली माझ्या खिशात, नागपुरात! एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवा म्हणून ही दहा वर्षं सांगत होती. मी ठेवली नव्हती. आपल्या घराची किल्ली दुसऱ्याकडे कशाला, हा माझा बाणा.

"गुरुजी, कुलूप तोडू काय?"

"तोड बाबू."

आत गेला तर लाईन गेलेली. "काही फिकर करू नका गुरुजी, मी डबाच उचलून दुकानात नेतो, तिथे इन्व्हर्टर हाय." पोत्यात गुंडाळून त्याने संगणकाचा डबा दुकानात नेला. सुरू केला. मग संगणकाने पासवर्ड मागितला.

तो मी आजवर कोणालाही सांगितला नव्हता, मुलालाही नाही. व्हरांड्यात दहा-बारा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितला, कारण फोनवर नीट ऐकू जात नव्हतं. हिचं माहेरचं नाव आणि लग्नाचं साल.

मग त्याने तो कागद शोधला आणि इंजेक्शनचं नाव वाचायला घेतलं. सरळ वाचता येईना, म्हणून एकेक अक्षर. "सी फॉर कॅट, गुरुजी... लिहिलं काय? ई फॉर एलिफंट... लिहिलं काय?" मी हातातल्या केसपेपरच्या पाठीवर लिहीत गेलो. एक अक्षर चुकलं नाही. डॉक्टरांनी नाव बघितलं, मान डोलावली आणि आत गेले. हीच घटना १९६९ साली कॅलिफोर्नियात झाली होती, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आलं. एल आला का? आला. ओ आला का? आला.

तर या सगळ्यातून मी काय शिकलो? तिन्ही वाटा वापराव्यात, पण कोणतीही वाट शेवटी माणसाच्या दारात येते. आता हिचे आणि माझे महत्त्वाचे कागद तीन ठिकाणी आहेत. घरच्या संगणकावर, क्लाउडवर, आणि औषधांची यादी साध्या कागदावर पाकिटात. क्लाउडच्या खात्याला दुहेरी कुलूप आहे, म्हणजे पासवर्डशिवाय फोनवर येणारा आकडाही लागतो. घराची एक किल्ली वहिनींकडे आहे. पासवर्ड एका बंद पाकिटात मुलाकडे आहेत. उद्या मी नसलो तर माझ्या गावाच्या इतिहासाच्या टिपणांचा टेकडीवरचा दगड होऊ नये, एवढीच इच्छा. गूगलने २०१३ पासून अशी सोयही दिली आहे की, खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि त्याला आपली माहिती घेता येते. माझ्या वयाच्या वाचकांनी ती आजच लावून ठेवावी.

आणि एक पोटतिडकीने सांगतो. ज्या प्रोग्रॅमने मुलगा पुण्याहून आपला संगणक दुरुस्त करतो, त्याच प्रकारच्या प्रोग्रॅमने चोर आपल्या फोनमध्ये शिरतात. "बँकेतून बोलतोय, एवढं एक अ‍ॅप टाका आणि त्यातला नंबर सांगा," असा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच यावर बँकांना सावध केलं होतं. किल्ली द्यावी, पण ती आपण ओळखत असलेल्या माणसाला, आणि फोन आपण लावलेला असावा. त्या रात्री फोन मी लावला होता. फरक एवढाच, पण सगळा फरक तोच.

ही बरी होऊन घरी आली तेव्हा तुटलेलं कुलूप दारातच पडलं होतं. तिने ते उचललं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अख्ख्या दवाखान्याला माझं माहेरचं नाव सांगितलंत म्हणे. मला कधी सांगितलं नाही की पासवर्ड तो आहे!"

मी काय बोलणार? दुसऱ्याच दिवशी पासवर्ड बदलला. नवा आधी तिला सांगितला.